कागदावरची रिकामी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पांढरी म्हणजे नोंदणीच्या पुस्तकात. प्रत्यक्षात माझ्या उजव्या दारावर सिमेंटची राखाडी झाक बसली आहे, पुढचा बंपर निळा आहे, आणि छताच्या कडेला गंजाचा एक डाग दरवर्षी थोडा थोडा पसरतो आहे.

माझ्या पुढच्या सीटवर सकाळपासून एक चार पानी फॉर्म पडला आहे. वर ठळक अक्षरांत छापले आहे, 'व्यवसायासाठीच्या वाहनाचा विमा : अर्ज'. माझा मालक फरशी मिस्त्री आहे. आत्ता तो समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका बाथरूमची फरशी बसवतो आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याची बायको येईल आणि दोघे मिळून हा फॉर्म भरतील. माझ्या विम्याची मुदत पुढच्या आठवड्यात संपते.

चार पाने प्रश्न आहेत आणि जवळजवळ सगळे माझ्याविषयीच आहेत. मला मात्र कोणी काही विचारलेले नाही. म्हणून ती दोघे येईपर्यंत मीच उत्तरे देते. काही प्रश्न मी सोडून देईन, काही उत्तरे रकान्यात मावणार नाहीत. फॉर्मवरच लिहिले आहे, 'जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.' हाच तो वेगळा कागद समजा.

प्रश्न १. वाहनाचा प्रकार, निर्मितीचे वर्ष व पूर्वीचे मालक.

वय चौदा. जन्माची पहिली आठवण म्हणजे एक कामगार माझे सरकते दार पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहत होता. दार कुठे अडकते का, हे कान देऊन ऐकत होता. अडकले नाही. त्याने माझ्या काचेवर खडूने बरोबरची खूण केली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मग सात वर्षे मी एका लाँड्रीत होते. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल न्यायचे, मळलेले परत आणायचे. ड्रायव्हर मला रोज पुसत असे. मालक पाहुण्यांना माझ्यापर्यंत घेऊन येई आणि म्हणे, "ही आपली पहिली गाडी." त्या सात वर्षांत माझा विमा होता हे मला कळलेसुद्धा नाही. कार्यालयात एक बाई दरवर्षी ते काम उरकून टाकत असत. नोकरीतल्या गाडीचे असे असते. तिची काळजी कुठल्यातरी टेबलावर होत राहते.

पुढे लाँड्रीत तीन मोठ्या गाड्या आल्या. मला मागच्या भिंतीशी लावून ठेवले. दीड वर्ष मी तिथे उभी होते. माझ्या पोटात तुटक्या हँगरची पोती ठेवत. चाकांतली हवा गेली, ती कोणी भरली नाही. कधीतरी कोणी म्हणे, "ही अजून इथेच आहे का?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून जाई.

तिथून मला मिस्त्रीने नेले.

प्रश्न २. इंजिन क्रमांक.

तो इंजिनावर आहे. तिथे बघा.

प्रश्न ४. मूळ रचनेत केलेले बदल.

तिसरा प्रश्न पत्त्याचा होता, तो सोडला. इथे मला थोडे मागचे सांगावे लागेल.

मिस्त्री अठरा वर्षे एका ठेकेदाराकडे होता. सकाळी ठेकेदाराचा ट्रक त्याला चौकातून उचलायचा, संध्याकाळी तिथेच सोडायचा. मशीन ठेकेदाराचे, घमेली ठेकेदाराची, कुठल्या घरी जायचे तेही ठेकेदार ठरवणार. मिस्त्रीने ती नोकरी सोडली त्या दिवशी तो एका पिशवीत थापी, रबरी हातोडा आणि पातळी बघायची लेव्हल घेऊन चालत घरी आला. तेवढेच त्याचे होते. ठेकेदार म्हणाला होता, "सहा महिन्यांत परत येशील बघ. ट्रकमधला तुझा कोपरा मी राखून ठेवतो."

हे वाक्य मिस्त्रीने मला पहिल्याच आठवड्यात गाडी चालवता चालवता सांगितले. तो एकटा असला की माझ्याशी बोलतो. "त्या कोपऱ्यात मी परत बसणार नाही," असे त्याने मला तीनदा सांगितले. म्हणजे एकदा मला आणि दोनदा स्वतःला.

दोन रविवार खपून त्याने माझ्या आत प्लायवूडचे कप्पे केले. डावीकडे फरश्या उभ्या राहतील अशा खाचा. उजवीकडे बादल्या, त्यांच्यावर फरश्यांच्या फटी भरायच्या ग्राउटच्या पिशव्या. मागे फरशी कापायचे मशीन, दोन पट्ट्यांनी बांधलेले. वर एका फळीवर जुन्या बरण्या, त्यांत दोन फरश्यांमध्ये सारखी फट ठेवायचे प्लास्टिकचे छोटे छोटे स्पेसर, मापांप्रमाणे.

त्याचा मित्र बघायला आला. हा मित्र प्लंबर आहे. तोंड एकदा सुरू झाले की बंद होत नाही म्हणून सगळे त्याला तोटी म्हणतात.

"अरे, ही गाडी आहे का किराणा दुकान?" तोटी म्हणाला. "लवंग आहे का? दे जरा पावशेर."

"तुझ्या गाडीत बघ. पाना शोधायला तासभर लागतो तुला."

"पण सापडतो ना!"

मित्रांनो, लाँड्रीत मला पुसत असत, पण माझ्यासाठी मापे घेऊन असे कोणी काही केले नव्हते. तरी पहिल्या वर्षीच्या फॉर्ममध्ये या प्रश्नापुढे मिस्त्रीने लिहिले, 'काही नाही'. त्याला वाटले, बदल म्हणजे इंजिन बदलणे. सुतारकाम कोण सांगत बसतो?

प्रश्न ५. वाहनाचा वापर (एकाच पर्यायावर खूण करावी).

पर्याय चार आहेत. क, फक्त घरगुती. ख, घरगुती आणि कामाच्या एका ठरलेल्या ठिकाणी जाणे-येणे. ग, स्वतःच्या धंद्यासाठी, वेगवेगळ्या ठिकाणी, आपली अवजारे व माल घेऊन. घ, भाडे घेऊन दुसऱ्यांचा माल वाहणे.

पहिल्या वर्षी मिस्त्रीने हा फॉर्म माझ्या बॉनेटवर ठेवून भरला. तोटी शेजारी उभा होता.

"इथे काय लिहू रे?"

"ख. डोळे मिटून ख. हप्ता कमी बसतो."

"पण मी धंदा करतो ना गाडीवर."

"गाडीवर करतोस? गाडीच्या टपावर फरशी लावतोस का? काम करतोस लोकांच्या घरात. गाडीने जातोस आणि गाडीने येतोस. जाणे-येणे. लिहिलंय बघ."

मिस्त्रीने तो पर्याय पुन्हा वाचला. 'एका ठरलेल्या ठिकाणी.' त्याचा चेहरा मोकळा झाला. "बरोबर आहे की! मी एकाच ठिकाणी तर जातो. तीन-तीन आठवडे एकच घर. ते संपलं की दुसरं."

ही चूक फक्त फरशीवालाच करू शकतो. प्लंबर दिवसातून पाच घरे करतो, वायरमन सहा करतो. त्यांना कोणी विचारले, तुमचे कामाचे ठिकाण कोणते, तर ते हसतील. पण फरशीवाला एका घरात शिरला की तीन आठवडे बाहेर पडत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला त्या घरातली कुठली खिडकी वाजते ते माहीत होते, स्वयंपाकघरातला कुठला कप आपला तेही ठरून जाते. त्याला खरोखरच ते आपले ऑफिस वाटते. तोटी हप्ता वाचवायला सांगत होता. मिस्त्रीने मात्र मनापासून, खरे समजून खूण केली. म्हणूनच पुढे दरवर्षी तीच उत्तरे उतरवताना त्याला ती पुन्हा तपासावीशी वाटली नाही.

त्याची बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिने वरून, घराच्या खिडकीतून विचारले होते, "अहो, देण्याआधी मला एकदा दाखवाल का तो फॉर्म?"

"येतो घेऊन."

"नाहीतर राहू द्या. दिवसभर लोकांचे फॉर्म तपासते, आता घरी पण तेच! तुम्हीच करा."

मला विचारले असते तर मी सांगितले असते. तीन आठवडे एकच घर, हे खरे. पण मध्येच दुकानात ग्राउट आणायला. मध्येच पुढच्या घराचे माप घ्यायला. मध्येच मागच्या घरातली एक फरशी पोकळ वाजते म्हणून बघायला. माझी चाके मोजतात, मित्रांनो. ठरलेले ठिकाण मला एकही माहीत नाही.

प्रश्न ६. वाहनात ठेवली जाणारी अवजारे व माल.

पहिल्या वर्षीचे उत्तर होते, 'लागू नाही'. मिस्त्री तोटीला म्हणाला, "गाडीचा विमा आहे म्हणजे गाडीतल्या वस्तूंचा आलाच." तोटी म्हणाला, "आलाच." दोघांनाही हे कोणी सांगितलेले नव्हते. दोघांनी एकमेकांना सांगितले आणि दोघांची खात्री पटली.

प्रश्न ८. मागील तीन वर्षांत झालेला अपघात. थोडक्यात हकीगत.

दोन ओळींची जागा आहे.

अजून वर्ष झाले नाही. मंगळवार होता, सकाळचे अकरा. मिस्त्री एका निवृत्त शिक्षिकेच्या बाथरूमची फरशी लावत होता. एक भिंत झाली, चिकटवलेली फरशी आता तासभर सुकू द्यायची होती. तेवढ्या वेळात दुसऱ्या एका घरी स्वयंपाकघराचे माप घेऊन येऊ, असे त्याने ठरवले. नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला फरशीची आठ खोकी माझ्यात चढवली. मशीन सकाळी वापरून परत ठेवले होते. त्याची एकच पट्टी बांधली. "लगेच तर यायचंय," असे तो मला म्हणाला.

उताराची गल्ली होती. समोरून एक सायकलवाली वळली, मिस्त्रीने ब्रेक दाबला. मी थांबत होते. मशीन थांबले नाही. ते पट्टीतून निसटून पुढे आले आणि त्याच्या सीटच्या पाठीवर आदळले. त्याचा पाय सरकला. सायकलवाली निघून गेली आणि मी कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकाचा खांब पाडला.

मिस्त्रीच्या खांद्याला मार लागला, तेवढेच. माझा रेडिएटर फुटला, पुढचे एक चाक आत वळले, बंपर गेला. आठपैकी सहा खोक्यांचा चुरा झाला. मशीनची मोटार बंद पडली.

घरातून एक आजोबा वर्तमानपत्र हातात धरून बाहेर आले. "लागलं का हो कुठे?"

"नाही, आजोबा."

"मग बरं झालं." त्यांनी खांबाकडे पाहिले. "गेल्याच महिन्यात बांधला होता."

"मी देतो लावून. फरशीसकट देतो."

"फरशी नव्हतीच त्याला," आजोबा म्हणाले आणि आत जाऊन पाणी घेऊन आले.

गॅरेजमध्ये विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई मला बघायला आल्या. बरोबर मिस्त्री होता, दवाखान्यातून रजा घेऊन आलेली त्याची बायको होती, आणि कोणी बोलावले नसताना तोटी होता. तोटीने मिस्त्रीला आधीच बाजूला घेऊन काहीतरी पढवले होते.

सर्व्हेअर बाईंनी माझे पुढचे फोटो काढले. मग म्हणाल्या, "मागचं दार उघडता?"

मिस्त्रीने दार उघडले. कप्पे, बादल्या, बरण्या, फुटलेल्या फरश्या, आडवे पडलेले मशीन.

"हे काय आहे?"

"दुकान माझं," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे दुकान नाही, गाडीच. पण जे काही आहे ते एवढंच आहे."

बाईंनी हातातला कागद पाहिला. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "मिस्त्री, तुम्ही लिहिलंय, बदल काही नाही. माल लागू नाही. कागदावर ही रिकामी गाडी आहे."

मिस्त्रीच्या बायकोने तो कागद मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. खिडकीवर बसल्यासारखी, बोट ठेवून.

"अपघात झाला तेव्हा कुठून कुठे निघाला होतात?" बाईंनी विचारले.

तोटी खोकला. मग पुन्हा, जरा मोठ्याने खोकला.

"तुम्हाला पाणी हवंय का?" बाईंनी त्याला विचारले.

"एका कामावरून निघालो होतो," मिस्त्री म्हणाला, "दुसऱ्या कामाचं माप घ्यायला."

बाईंनी ते लिहून घेतले आणि त्या गेल्या. त्या फाटकाबाहेर पडल्या न पडल्या तोच तोटी सुरू झाला. "अरे, घरी जेवायला चाललो होतो म्हणायचं! एवढंच तर पाठ करून घेतलं होतं!"

"सकाळी अकरा वाजता जेवायला?"

"मधुमेह आहे म्हणायचं!"

"हो, आणि जन्मभर तो मधुमेह सांभाळायचा," मिस्त्री म्हणाला. "माझ्या मांडीवर मोजपट्टी होती रे. मापाची वही उघडी होती. कशाला?"

बायकोने कागदाची घडी केली. "माझं चुकलं," ती म्हणाली. "दिवसाला शंभर फॉर्म वाचते. घरातला एक वाचायचा कंटाळा केला."

तीन आठवड्यांनी पत्र आले. आजोबांच्या खांबाचे कंपनी भरणार होती. माझे आणि मशीनचे नाही, कारण गाडी सांगितलेल्या वापराबाहेर वापरली गेली. पत्रात कोणाला दोष दिला नव्हता. फक्त त्यानेच भरलेली उत्तरे त्याला परत वाचून दाखवली होती.

(प्रश्न ८, पुढे. हा रकाना कधीच संपला आहे.)

मी नऊ आठवडे गॅरेजमध्ये होते. सुरुवातीचे काही दिवस मिस्त्री बादली आणि पिशवी घेऊन बसने कामाला गेला. शिक्षिकेच्या बाथरूमची उरलेली भिंत त्याने तशीच पुरी केली. पण फरशीची खोकी बसमध्ये चढत नाहीत आणि मशीन तर नव्हतेच. स्वयंपाकघराच्या गिऱ्हाइकाने दहा दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस बोलावला. पुढचे गिऱ्हाईकही गेले. मग ठेकेदाराचा फोन आला. त्याला कोणी सांगितले कोण जाणे, पण या धंद्यात बातमीला गाडी लागत नाही.

एका शनिवारी मिस्त्री आणि त्याची बायको गॅरेजमध्ये आली. मिस्त्रीने माझ्या वाकलेल्या बॉनेटवर हात ठेवला, पण बोलला तो बायकोशी.

"सोमवारपासून जातो ठेकेदाराकडे. हिचं इंजिन चांगलं आहे, मेकॅनिक म्हणतो सुट्या भागांसाठी घेतो. देऊन टाकू."

मित्रांनो, सुटे भाग म्हणजे मीच. दार कोणाकडे, चाके कोणाकडे. मला त्याचे वाईट वाटले, नाही असे नाही. पण त्याहून वाईट वाटले ते त्याच्या आवाजाचे. तो रागावला नव्हता. त्याने ठरवून टाकले होते.

बायको म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबा."

"सोमवारी काय होणार आहे?"

"माहीत नाही. पण आज शनिवार आहे. शनिवारी सोमवारचं कशाला ठरवायचं?"

तिने काय केले ते मला नंतर तोटीकडून कळले. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या फरश्या तिला रोज दिसत होत्या. चालताना वाजायच्या, दोन तर हलायच्या, पेशंट अडखळायचे. मिस्त्रीबरोबर इतकी वर्षे काढून तिलाही पोकळ फरशी आवाजावरून कळते. सोमवारी सकाळी ती पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आली, डॉक्टरांसमोर उभी राहिली, आणि चपलेच्या टाचेने त्यांना एकेक फरशी वाजवून दाखवली. "डॉक्टर, एखादा पेशंट पडेल. आणि तो पायावर उपचार करायला परत आपल्याकडेच येईल."

डॉक्टर हसले. काम पाच आठवड्यांचे निघाले. मशीन भाड्याने आणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवता येणार होते. गाडीची गरजच नव्हती. मिस्त्री खरोखर रोज एकाच ठरलेल्या ठिकाणी जात होता. ठेकेदाराला त्याने स्वतः फोन करून सांगितले, येत नाही. ठेकेदार म्हणाला, "कोपरा आहे अजून." मिस्त्री म्हणाला, "त्यात बादल्या ठेवा."

माझी दुरुस्ती थोडी थोडी होत गेली. पैसे येतील तसा एकेक भाग लागला. बंपर निळा मिळाला, निळा लागला. अपघातानंतर नऊ आठवड्यांनी मी गॅरेजबाहेर आले. त्याने कप्पे दुरुस्त केले. आता मशीनला तीन पट्ट्या आहेत आणि तो निघण्याआधी प्रत्येक पट्टी ओढून बघतो.

प्रश्न ९ ते १३.

आता मला थांबावे लागेल. ती आली आहे. डबा सीटवर ठेवला, फॉर्म उचलला, चष्मा लावला. मिस्त्री खाली येतो आहे, हाताला पांढरे ग्राउट तसेच. इथून पुढे ती दोघे बोलतील, मी ऐकते.

"आधी हात पुसा," ती म्हणाली. "वापर. क, ख, ग, घ."

"ग."

"घ कशाला नाही? शेजाऱ्यांचं कपाट नेलं होतंत ना परवा?"

"फुकट नेलं."

"फुकट असेल तर ग. यापुढे पण फुकटच न्या. बदल?"

मिस्त्रीने माझ्या मागच्या बाजूकडे पाहिले. "प्लायवूडचे कप्पे. छतावर शिडीसाठी सळ्या. बंपर पण लिहू का?"

"रंग बदलला तर लिहा. दोन ओळी आहेत, भरा दोन्ही. रात्री अवजारं गाडीतच असतात?"

"हो."

"या कंपनीत मग चोरी झाली तर काही मिळणार नाही. रात्री आठनंतर घरात काढून ठेवायची, असं खाली बारीक लिहिलंय." तिने पिशवीतून दुसऱ्या कंपनीचा असाच फॉर्म काढला. "ही दुसरी कंपनी म्हणते, आतून कुलूप आणि अलार्म असेल तर गाडीत राहिली तरी चालतं. हप्ता जास्त आहे."

"काढून ठेवू की."

"कोण?"

"मी."

"रोज? ते मशीन तीन जिने?"

मिस्त्रीने मागे वळून मशीनकडे पाहिले. त्याला तोंडातून निघालेला शब्द परत घ्यायला वेळ लागतो. "नाही होणार," तो म्हणाला. "पहिले दोन दिवस होईल."

"मग दुसरी कंपनी. हीच उत्तरं तिच्या फॉर्मवर उतरवते, पुढचे प्रश्न तिथेच भरू. कुलूप आणि अलार्म या रविवारी बसवायचा, तो बसल्याशिवाय खूण करायची नाही. आणखी कोणी चालवतं गाडी?"

"तोटी. कधीतरी. त्याला मोठी टाकी न्यायची असली की."

"त्याचं नाव घालते."

"अगं, तो म्हणेल घालू नको."

"म्हणूनच घालते."

मग अवजारांचा प्रश्न आला. ती मागचे दार उघडून पहिल्यांदाच आत चढली. इतकी वर्षे ती पुढेच बसली होती. मिस्त्री एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगत गेला आणि ती लिहीत गेली. मशीन. हातकटर. तीन लेव्हल, लहान, मोठी आणि खोलीभर लांब. चार थाप्या, कडेच्या दात्यांचे माप वेगवेगळे. गुडघ्यांचे पॅड. रबरी हातोडे दोन. गुळगुळीत फरशीला चिकटवून ती उचलायचा रबरी पकडा. कोपरे घासायचा दगड. वेगळा कागद जोडावा लागला, मग त्याला आणखी एक.

"एवढं सगळं आहे होय आपल्याकडे?" ती म्हणाली.

"पाच वर्षं झाली ना." त्याने ती यादी घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. ठेकेदाराकडून एका पिशवीत तीन वस्तू घेऊन निघालेला माणूस. मग यादी तिला परत दिली.

प्रश्न १४. वाहन दुरुस्तीसाठी बंद असल्यास पर्यायी वाहन हवे काय? (जादा हप्ता लागू.)

डबा खाऊन झाला होता. उरला होता एवढा एकच प्रश्न, हो किंवा नाही.

"नाही लिही," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"ही आहे ना." त्याने माझे स्टिअरिंग थोपटले. "मला दुसरी गाडी नको. दुसरीत माझा हात बसत नाही."

मित्रांनो, मला यापेक्षा गोड वाक्य आजवर कोणी ऐकवलेले नाही. लाँड्रीतल्या पाहुण्यांसमोरच्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठे. आणि तरी मला ओरडावेसे वाटले, हे चूक आहे. मी चौदा वर्षांची आहे. आज ना उद्या मी पुन्हा बंद पडणार. खांबाने नाही तर वयाने. त्या दिवशी माझ्यावरची माया त्याच्या फरश्या उचलून नेणार नाही. मला हॉर्न आहे, पण तो त्यांच्याच हातात.

बायकोने पेन खाली ठेवले. "तो शनिवार आठवतो?" तिने विचारले. "माझ्यापुढे तुम्ही हिला मेकॅनिकला द्यायला निघाला होता. हिच्यावर प्रेम नव्हतं म्हणून? कामावर न्यायला दुसरी गाडी नव्हती म्हणून."

मिस्त्री समोरच्या काचेतून इमारतीकडे बघत राहिला. वरच्या मजल्यावर त्याने लावलेली फरशी सुकत होती.

"कोणती देतील?" त्याने विचारले.

"कोणती का असेना. मशीन मावलं म्हणजे झालं."

"कप्पे नसतील तिच्यात."

"नसतील."

"बांधून घेईन तात्पुरतं." त्याने पेन उचलले आणि 'हो'च्या चौकटीत खूण केली. ग्राउटचा अंगठा कागदावर उमटला. तो तिने पुसला नाही. शेवटच्या पानावर त्याने सही केली, आणि या वेळी तिने फॉर्म पहिल्या पानापासून पुन्हा एकदा वाचला.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोणी स्वतःच्या हातावर आणि एका जुन्या गाडीवर काम करत असेल, तर गाडी पुसा, चाकांत हवा भरा, तेल बदला. आम्हाला बरे वाटते. पण वर्षातून एकदा तिचा फॉर्म घेऊन तिच्यातच जाऊन बसा. मागचे दार उघडा. आत जे आहे ते लिहा, जिथे जिथे जाता ते लिहा, जो कोणी चालवतो त्याचे नाव लिहा. आणि गाडी कितीही लाडकी असली, तरी ती नसेल त्या दिवसाची सोय करा. आम्हाला त्याचा राग येत नाही. थोडा येतो. पण त्या दिवशी आमचा माणूस कामावर गेलेला असावा, एवढेच आम्हाला हवे असते.